कपातली रेघ

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे.

हे वाक्य मी बावीस वर्षं बोलतेय. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी विचारते, "विमान स्टॉल होतं म्हणजे काय होतं?" आणि वीसच्या वीस गाढवं एका सुरात ओरडतात, "इंजिन बंद पडतं, मॅडम!" एवढ्या वर्षांत केस कापायच्या तऱ्हा बदलल्या, बुटांचे रंग बदलले, हे उत्तर काही बदललं नाही. मग मी कपाळाला हात लावते आणि सांगते की बाबांनो, बंद पडते ती मोटार. विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर उचललंत, तर हवेला पंखाच्या पाठीवरून वळून जाता येत नाही. ती पंख सोडून देते. उचलून धरणारं बळच गेलं की विमान खाली. इंजिन बिचारं तेव्हा ठणठणीत चालू असतं. हे ते लिहून घेतात, परीक्षेत शब्दन् शब्द उतरवतात, आणि त्याच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये एकमेकांना सांगतात, "स्टॉल झालं की आधी इंजिन चालू करायचं बरं का!"

मी उड्डाणशाळेत शिकवते. उडायला नव्हे, उडण्याआधी डोक्यात जे असायला हवं ते. बळं, हवामान, नकाशे, घड्याळं. उंची दाखवणारं घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं, म्हणून दर उड्डाणाआधी त्यात त्या दिवसाचा दाब लावायचा असतो, हे एवढं साधं वाक्य डोक्यात शिरायला या लोकांना महिना लागतो. दाब लावला नाही तर घड्याळ सांगतं पाचशे फूट आणि खाली झाडावरच्या घरट्यातली अंडी दिसायला लागतात. मी स्वतः चाळीस तास उडाले होते. मग कानाच्या पडद्यानं दगा दिला, डॉक्टरनं कागदावर शिक्का मारला, आणि मी जमिनीवर आले ती कायमची. तेव्हापासून इतरांना वर पाठवायचं काम करतेय. खरं सांगू? वर पाठवण्याच्या लायकीचं फारसं कोणी दिसत नाही.

तास संपला की मी वर्गाकडे पाठ करून, फळा पुसता पुसता विचारते, "काही शंका?" आणि वर्ग म्हणतो, "नाही, मॅडम!" ही आमची रीतच आहे. त्यांना सुटायचं असतं आणि मलाही.

आमचे मुख्य प्रशिक्षक म्हणजे कप्तान. सगळे त्यांना कप्तान म्हणतात आणि त्यांना ते भारी आवडतं. नाकावर कायम काळा चष्मा, आभाळ भरून आलेलं असलं तरी. अंगाला अत्तराचा असा घमघमाट की ते जिन्यात असताना वर्गात कळतं. त्यांचं लाडकं वाक्य आहे, "विमान डोक्याला नाही, बुडाला कळतं." कप्तानांपुरतं हे खरं असावं. डोकं वापरताना मी तरी त्यांना पाहिलेलं नाही. पोरं मात्र त्यांच्यावर फिदा. माझ्या तासाला जांभया देणारे कप्तानांच्या फुशारक्या ऐकताना तोंड वासून बसतात.

आणि तिसरी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीनं फोनवर सांगितलं, "ताई, पोरीनं उडायचंच घेतलंय. तुझ्याकडे राहील, तुझ्याच शाळेत शिकेल, मला घोर नाही." मी म्हटलं, "अगं, ती चपला घालायला पाच मिनिटं घेते. तिला विमान कोण देणार?" पण बहिणीनं आयुष्यात माझं ऐकलंय कधी! आली पोरगी बॅग घेऊन. पहिल्याच दिवशी मी नियम सांगितला की घरी मावशी, शाळेत मॅडम, आणि शाळेत माझ्याकडून कसलीही सवलत मिळणार नाही. ती म्हणाली, "पण मावशी, बसमध्ये काय म्हणू?" ही असली पोरगी.

तिच्याजवळ एक जाडजूड वही असायची, लांबरुंद, कोऱ्या पांढऱ्या पानांची. त्यात ती सगळं लिहायची. मी बोललेलं, न बोललेलं, फळ्यावरचं, फळ्याच्या कडेला उरलेलं. बाकीचे विमानाला प्रदक्षिणा घालून सात मिनिटांत तपासणी उरकायचे. हिला चाळीस मिनिटं लागायची. चाकाचा हवादाब पाहायची, पुन्हा येऊन पाहायची. पंखाच्या कडेवरून बोट फिरवायची. विमानतळावरचे लोक घड्याळ बघत उभे आणि ही स्क्रूशी गप्पा मारतेय. मला भारी शरम वाटायची. माझी भाची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं ना!

आता तो तास सांगते. पुढचं सगळं त्या तासातूनच आलंय.

त्या दिवशी मी इंधनाची तपासणी शिकवत होते. पेट्रोल हलकं, पाणी जड. टाकीत पाणी शिरलं की ते तळाशी जाऊन बसतं आणि सगळ्यात आधी इंजिनात तेच जातं. इंजिन काही पाण्यावर चालत नाही. म्हणून पंखाखाली एक छोटा नळ असतो. उड्डाणाआधी त्याखाली पारदर्शक कप धरायचा आणि थोडं पेट्रोल काढायचं. त्यात पाणी असेल तर ते खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ दिसते. रेघ दिसली की ओतून द्या, पुन्हा काढा. रेघ नाही म्हणजे स्वच्छ. "कप आकाशाकडे धरा," मी सांगितलं. "उजेडात नीट दिसतं." बावीस वर्षं असंच सांगत आलेय. वर्गानं एका सुरात म्हटलं, "रेघ नाही म्हणजे स्वच्छ!"

"काही शंका?"

"नाही, मॅडम!"

एक हात वर. कोणाचा ते मला न बघताही कळलं.

"मॅडम, सगळा कपच पाण्याचा असेल तर? मग रेघ कुठून दिसणार?"

मी वळून बघितलं. ती वही उघडून उभी होती, पेन तयार.

"आणि मॅडम, आपलं पेट्रोल फिकट निळं असतं ना? मग कप आकाशाकडे धरला तर पाणीपण निळंच दिसेल की. रेघही नाही आणि रंगही तोच. मग कसं ओळखायचं?"

त्या क्षणी मला काहीतरी टोचलं. थोडंसंच. हे मी आधीच कबूल करून टाकते. पण घंटा व्हायला आली होती, वीस जण माझ्याकडे बघत होते, आणि बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मलाही तो कधी पडला नव्हता. म्हणून मी काय केलं? मला जे उत्तम जमतं तेच केलं.

"कपभर पाणीच निघायला लागलं," मी म्हटलं, "तर ते विमान नव्हे, होडी झाली. मग तू वल्हं घेऊन बस हं. खाली बस, होडी!"

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरच्यानं वल्हं मारून दाखवलं. ती खाली बसली. वहीत तिनं काहीतरी लिहिलं, बहुतेक प्रश्न, कारण उत्तर मी दिलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं होडी. कप्तानांनीही ते उचललं. "होडी, आज वारा बरा आहे, शीड लाव!" यापलीकडे त्यांची विनोदबुद्धी जात नाही.

आमच्याकडे नियम आहे की उड्डाणाचे वीस तास भरायच्या आत एकट्यानं उडून दाखवायचं. नाही जमलं तर नाव कमी, बॅग उचला आणि घरी जा. बाकीचे चौदा-पंधरा तासांत एकटे उडाले. त्यातल्या निम्म्यांना अजून स्टॉल म्हणजे काय ते कळलेलं नव्हतं, पण कप्तानांच्या बुडाला ते आवडले होते. होडीचे एकोणीस तास वीस मिनिटं झाली होती. तिची फाईल कप्तानांनी माझ्यापुढे टाकली.

"मॅडम, तुमचीच भाची. काय करायचं?"

"माझी भाची म्हणून काही करू नका," मी म्हटलं. "उद्या एक संधी द्या आणि विषय संपवा."

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'फार शंका घेते. निर्णयशक्ती कमी.' सही केली. अक्षर माझं फार सुरेख आहे, सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात उभी होती. चहा गार झाला होता. बहिणीच्या नवऱ्याचं चपलांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. "आज नाही जमलं तर बाबा गल्ल्यावर बसवतील," ती म्हणाली. "मावशी, मला नाही गं लोकांच्या पायांची मापं घ्यायची."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "मग आज निदान तपासणी सात मिनिटांत उरक."

ती मान हलवून "बरं" म्हणाली.

आता आदल्या दिवशीचा शहाणपणा ऐका. शाळेच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा होता, म्हणून होडी दुसऱ्या दिवशी ज्यात बसणार होती तेच विमान कप्तानांनी धुवायला लावलं. पाइप लावून, जोरात, पंखांच्या वरून, अर्धा तास. टाकीची झाकणं पंखाच्या वरच असतात आणि त्यांची रबरं झिजलीत हे मेकॅनिकनं महिनाभर आधी लिहून दिलं होतं. ते कोणी वाचायचं? कप्तान पंखाला टेकून, छाती फुगवून उभे राहिले, फोटो निघाला. रात्रभर ते चकचकीत विमान तसंच उभं होतं, पोटात पाणी घेऊन. त्या पाण्याची कोणाला गंधवार्ता नव्हती.

सकाळी ऊन लख्ख होतं, आभाळ निळंशार. बेत साधा होता. कप्तान तिच्याबरोबर दोन फेऱ्या मारणार, मग उतरणार, आणि तिसरी फेरी ती एकटी. कुंपणापाशी पोरं जमली होती. एकानं खरोखरच कुठून तरी फळी आणली होती, वल्हं म्हणून. मीही तिथे गेले. कशाला गेले? भाचीचं कौतुक बघायला नव्हे. तिचं नाव कमी झालं की घरी बहिणीला फोन करताना 'मी स्वतः पाहिलं' असं म्हणता यावं म्हणून गेले.

तिनं तपासणी सुरू केली. घाई करत होती, दिसत होतं मला. पंखाखाली वाकली, कप भरला. कप्तानांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. हा त्यांचा ठरलेला अभिनय. कप आभाळाकडे उंच धरायचा, मान तिरकी करायची आणि खर्जात म्हणायचं...

"स्वच्छ!"

आणि उरलेलं ऐटीत जमिनीवर फेकायचं. ते फेकणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा सर."

तिनं कप परत घेतला. वही उघडली, कोरं पांढरं पान काढलं आणि कप त्या पानासमोर धरला. बघत राहिली.

"सर, हे निळं नाहीये."

"फिकटच असतं ते."

"फिकटसुद्धा नाहीये. पाण्यासारखं दिसतंय."

कप्तानांनी काळ्या चष्म्यातून बघितलं. काळ्या चष्म्यातून रंग बघतोय शहाणा! "रेघ दिसतेय का तुला?"

"नाही."

"मॅडम," कप्तान माझ्याकडे वळले, "रेघ नाही म्हणजे काय हो?"

कुंपणापलीकडून पोरांनीच उत्तर दिलं, "स्वच्छ!" आणि त्यामागोमाग कोणीतरी, "होडी, वल्हं घे!" सगळे दात काढायला लागले.

ती माझ्याकडे बघत होती. मी तो कप बघितला. नीट बघितला का? नाही. मला तिथून तिला आणि स्वतःला लवकरात लवकर सोडवायचं होतं. मी म्हटलं, "स्वच्छ आहे. बस आत. तमाशा पुरे."

"मी नाही बसणार," ती म्हणाली. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं. "टाकी बघितल्याशिवाय मी नाही बसणार."

"म्हणजे उडायला नकार?" कप्तानांनी विचारलं. "वीस तासांच्या आत? माहितीय ना याचा अर्थ?"

"माहितीय."

"मग आता बघ," कप्तान म्हणाले, "पाण्यावर विमान कसं उडतं ते." त्यांनी हातातला वायरलेस माझ्याकडे फेकला, दार उघडून आत बसले आणि इंजिन सुरू केलं. झालं की सुरू! नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान लगेच निघालेही नाहीत. इंजिन चालू ठेवून खिडकीतून हातवारे करत ऐका, आवाज बघा, असं काहीबाही ओरडत दोन-तीन मिनिटं बसून राहिले. ती दोन-तीन मिनिटं त्यांना किती कामाला आली हे त्यांना आजही कळलेलं नाही. मग विमान धावपट्टीच्या टोकाकडे निघालं. ते टोक लांब आहे, तिथे पोचायला चार मिनिटं लागतात.

ती माझ्याजवळ आली. मॅडम वगैरे काही नाही.

"मावशी, हात दे."

मी हात पुढे केला, का कुणास ठाऊक. तिनं कपातलं थोडं माझ्या तळव्यावर ओतलं.

"पेट्रोल असेल तर उडून जाईल बघ. हात गार पडेल आणि कोरडा होईल. तूच शिकवलंयस."

मीच शिकवलं होतं. मी तळहात बघत उभी राहिले. ऊन होतं, वारा होता. विमान लांब लांब जात होतं. तळव्यावरचा थेंब तळव्यावरच होता. मी हात नाकाशी नेला. त्या ठिकाणी सगळ्यालाच पेट्रोलचा वास मारतो, कपड्यांना, केसांना, त्यामुळे इतका वेळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण तळव्याला वास नव्हता. तिथे नळाचं साधं पाणी होतं.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. वायरलेस माझ्या डाव्या हातात होता. बटण दाबायचं आणि 'थांबा' म्हणायचं, संपलं. पण बटण दाबलं की कुंपणापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर मला म्हणावं लागणार होतं की होडीचं बरोबर होतं. त्या तासालाही आणि आत्ताही. म्हणून मी आणखी थोडी थांबले. म्हटलं, कदाचित वाळेल. दुसऱ्या टाकीत पेट्रोल असेल. कदाचित त्यांनाच टोकाला कळेल. एका माणसाचा जीव तिकडे चालला होता आणि मी तळहातावरच्या पाण्याकडे बघत होते, ते वाळेल म्हणून. त्या क्षणी स्वतःचा वाटला इतका तिरस्कार मला आयुष्यात कप्तानांचाही वाटला नाही.

"मावशी!" ती ओरडली. "बोल ना गं!"

मी बटण दाबलं. "कप्तान, थांबा. टाकीत पाणी आहे. थांबा."

विमान तेव्हा धावायला लागलं होतं. वायरलेसमधून कप्तान हसले. "मॅडम, तुम्ही फळा पुसा—"

तेवढ्यात चाकं उचलली गेली. दोन पुरुष उंचीवर गेलं असेल विमान, आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग आवाजच गेला. पोरांच्या टाळ्या अर्ध्यावर राहिल्या. विमान धप्पकन खाली बसलं, उरलेल्या धावपट्टीवरून घसपटत गेलं, टोकाच्या गवतात घुसलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक मातीत रुतलं. नाकावरचा पंखा थांबला होता. सगळ्यात आधी धावली ती होडी.

कप्तान वाचले. काळा चष्मा फुटून त्यांच्या नाकात घुसला, चार टाके पडले. त्या चकाट्या पिटण्यात इंजिनानं नळीतलं चांगलं पेट्रोल संपवलं, म्हणून ते दोन पुरुष उंचीवरच बंद पडलं. सरळ निघाले असते तर तीनशे फुटांवर, झाडांच्या डोक्यावर बंद पडलं असतं. आणि ती गुमान आत बसली असती, तर शेजारच्या खुर्चीवर माझ्या बहिणीची मुलगी असती. त्या टाक्यांतून मेकॅनिकनं नंतर बादलीभर पाणी काढलं. माझ्यासमोर काढलं. मी ते पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघितलं.

आठवड्यानं चौकशीला दोन अधिकारी आले. चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशी माणसं. वर्गातच टेबल मांडलं. एका बाजूला कप्तान, नाकाला पट्टी. एका बाजूला मी. भिंतीशी होडी बसली होती, मांडीवर वही.

"इंधनात पाणी असल्याचा संशय सर्वप्रथम कोणाला आला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

कप्तान पटकन म्हणाले, "मॅडमना. वायरलेसवर त्यांनीच सांगितलं, सगळ्यांनी ऐकलंय. अनुभव शेवटी अनुभव असतो, साहेब." होडीनं आपल्याला वाचवायचा प्रयत्न केला हे सांगण्यापेक्षा त्यांना नाक पुन्हा फोडून घेणं परवडलं असतं. त्यांचं मला नवल नाही. तो माणूस तसाच आहे.

अधिकारी माझ्याकडे वळले. "बरोबर?"

मी होडीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती. वर्गात हात वर करायची तेव्हा बघायची तशी, उत्तराची वाट बघत. एवढंच म्हणायचं होतं की नाही साहेब, संशय हिला आला, पांढरं पान हिनं धरलं, मी तर 'स्वच्छ' म्हटलं. बावीस वर्षं मी चुकीचं शिकवलं, असंही म्हणायचं होतं. मी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"बरोबर," मी म्हटलं.

लिहिलं गेलं. वीस तासांचा नियम होडीसाठी पाच तासांनी वाढवण्यात यावा, अशी शिफारस मीच केली, आणि ती मान्य झाली. त्याबद्दलही माझं कौतुक झालं, भाची असूनही न्यायानं वागल्याबद्दल. माझ्या शिफारशीनं आता शाळेतल्या प्रत्येक कपाला पांढरं कार्ड बांधलेलं असतं. पोरं त्याला 'मॅडमचं कार्ड' म्हणतात. मला एक प्रशस्तिपत्रकही मिळालं, काचेत लावलेलं. ते मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलंय.

तीन आठवड्यांनी ती एकटी उडाली. दुसऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, चाळीस मिनिटं तपासणी करून. मी खिडकीतून बघितलं. एक फेरी, सुंदर. उतरली तेव्हा रिवाजाप्रमाणे पोरांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. आता कोणी होडी म्हटलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली. केस अजून ओले होते. मी चहा टाकला होता. तिच्यासमोर कप ठेवला आणि समोर बसले. खूप काही बोलायचं होतं. पण मला एकच तऱ्हा ठाऊक आहे.

"उतरताना शेवटी विमान तरंगलं ना?" मी म्हटलं. "जमिनीपासून हातभर वर राहिलं आणि खाली बसायलाच तयार नव्हतं, मी बघितलं. जमिनीजवळ पंखाखालच्या हवेचं काहीतरी वेगळं होतं, म्हणून. तुला प्रश्न पडलाच असेल. सांगू? नीट सांगते, चित्र काढून. वही आण."

ती चहाच्या कपात बघत होती.

"विचार की," मी म्हटलं. "काहीही विचार. काही शंका?"

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

घरीच होतो आम्ही. स्वयंपाकघरात. तिनं चहा संपवला, कप विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि खोलीत गेली.